पलीकडच्या वाळूतली सुसर

सुसर पाण्यात वेगवान आणि जमिनीवर मंद, असं सगळे सांगतात. मंद कशाला म्हणतात ते मला विचारा.

मी लोणंदची. माहेरी पाणी म्हणजे नळ नाहीतर टँकर. नव्वदनंतर दोनेक वर्षांनी लग्न होऊन मी इस्लामपूरच्या पुढं, कृष्णाकाठच्या एका गावात आले. नवरा फौजेत, वर्षातून दोन महिने घरी. बाकी घरात सासू, मामंजी आणि धाकटा दीर. दीर भरतीची तयारी करत होता. रोज डांबरीवर पळून यायचा आणि मनगटातलं घड्याळ माझ्यापुढं धरून, आज किती मिनिटं वाचली ते सांगायचा. त्या घरात माझ्याशी हसून बोलणारा तो एकटाच.

मामंजींनी आल्याआल्याच ताकीद दिली होती. मी शेजारणीशी बोलताना मोठ्यानं हसले, एवढंच निमित्त. या घरच्या सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही, म्हणाले. तेव्हापासून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, खाली मान आणि दबका आवाज. पळणं तर लांबच राहिलं.

नदीवर आमची पाण्याची मोटर होती. पाइपाच्या तोंडाच्या जाळीत शेवाळ अडकलं, की दीर कंबरभर पाण्यात उतरून ते काढायचा. मगरीला तिकडं सुसरच म्हणतात. पलीकडच्या वाळूवर एक कायम पडलेली असायची. ती वाळूत दिसते आहे तोवर खुशाल उतरायचं, दिसेनाशी झाली की बाहेर यायचं, हा साऱ्या गावाचा रिवाज. मामंजी खाली मोटरीपाशी थांबत आणि मी वर दरडीवर नजर ठेवायला बसे. ती किती जोरात येते, असं मी एकदा दिराला विचारलं.

"जमिनीवर मी तिला हरवतो, वैनी. पाण्यात पैज न्हाई. तुमी हाक मारायची, मी भायेर."

त्या दुपारी ती उठली. पोट ओढत चालते म्हणतात. मी पाहिली ती चार पायांवर उभी राहिली, चार ढांगा टाकल्या आणि पाण्यात शिरली. वर साधी लाटही नाही. मीही उठले. पदर सारखा केला. होय, आधी पदर सारखा केला, आणि त्याचा मला आजही संताप येतो. मग दरड उतरून मामंजींपाशी गेले, चालत, आणि हळूच म्हणाले, "आवं, ती दिसंना."

त्यांनी हाक मारली, तसा दीर वळला आणि त्याचा एक पाय काठावर आला. दुसरा तिनं धरला. शेजारच्या मळ्यातली माणसं काठ्या घेऊन धावली म्हणून जीव वाचला. पाय गुडघ्याखालून गेला. जमिनीवर त्या दिवशी सगळ्यांत मंद मीच होते.

सांगलीच्या दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामंजी तेच सांगत. हिनं नुसती बोंब मारली असती, तर पोरगं धडधाकट घरी असतं. हिचं तोंड काय शिवलं होतं? पाहुणे माझ्याकडे बघत आणि चहाचा कप परत माझ्याच हातात देत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दीर भिंतीकडं तोंड करून पडलेला असे. मनगटातलं घड्याळ त्यानं काढून उशाखाली ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी, अशीच पाचसहा माणसं खाटेभोवती असताना, मी पदर डोक्यावरून खाली घेतला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझा खरा आवाज निघाला.

"मामंजी, सुनंचा आवाज उंबऱ्याभायेर जाऊ ने, हे तुमीच सांगितलंसा. मी ऐकलं. म्हणून ह्यो असा पडलाय."

दिरानं मान वळवून आधी माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. मामंजींनी फक्त दाराबाहेर नजर टाकली.

"हळू बोल," म्हणाले. "लोकं ऐकत्यात."