बडग्याला नेसवलेला घागरा

बडग्याच्या अंगावर घागरा होता. सोळा कळ्यांचा. माझा.

पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, त्या बाईच्या रूपातल्या, आणि त्यांच्या मागं बडगे, ते बाप्याच्या. बांबू, कागद, चिंध्यांचे मोठाले पुतळे. गावाला जे नको झालं त्याचा बडग्या करायचा, ओरडत मिरवायचा आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचा. कोणी महागाईचा करतं, कोणी रोगराईचा. त्या साली आमच्या मोहल्ल्यानं माझा केला.

पुतळ्याला मिशा रंगवल्या होत्या. ओठाला लाल रंग. गळ्यात पाटी, 'नाच्या'. खाली माझा घागरा बैलबंडीवर लोंबत होता. बंडी हलली की फिरायचा. मी तो बारा वर्षं फिरवला होता. तो कसा फिरतो ते मला माहीत होतं.

गर्दीतून कोणी ओरडला, "अबे, हा बडग्या हाय का मारबत?"

"दोन्ही हाय ना बापा. एका तिकिटात दोन खेळ."

लोक पोट धरून हसले. ओट्यावर आमचा मालक खुर्ची टाकून बसला होता. लाकडाची टाल, म्हणजे वखार, त्याची, आरामशीन त्याची, मोहल्ल्यातली निम्मी घरं त्याची. मी जन्मभर त्याला अहोजाहो केलं. लिहिताना करणार नाही. पांढरी लुंगी, वर बनियन. त्यानं मला हात केला.

"ये ना बे, असा जवळ ये. आपलं रूप पाहून घे."

मी जवळ गेलो. हसलो पण. हे लपवणार नाही. दात काढून हसलो.

पोट्टे ओरडत होते, "इडापिडा घेऊन जा गे मारबत. नाच्याले घेऊन जा गे मारबत."

तेवढ्यात गर्दी फाकली आणि माझी बायको पुढं आली. पारबता. तिचे डोळे घागऱ्यावर होते.

ती पुढं काय बोलली ते सांगतो. आधी घागरा कुठला ते सांगितलं पाहिजे.

मी उमरेडकडचा. चौथी शिकलेला. बाप माग चालवायचा. बाप गेला तसा मागही गेला. मी खडी गंमत करणाऱ्यांत शिरलो. ढोलकी, डफ, तुणतुणं, आणि उभ्यानं खेळ करणारी सात-आठ माणसं. त्यात बाई नसायची. बाईचं काम बाप्यानंच करायचं. ते मी केलं. त्याची तेव्हा लाज नव्हती. खेळ संपला की म्हातारे लोक बिडी पेटवून माझ्या हातात द्यायचे. बाया विचारायच्या, "पदर इतका कसा ठरते गा तुह्या डोक्यावर?" मी सांगायचो. घागरा घातलेल्या माणसाशी बोलताना त्या सरकून बसत नव्हत्या.

खाप्याला गंमत होती. तिथं कोष्ट्याची पोरगी पारबता. तिच्या बापानं मला जावई करायचं ठरवलं तेव्हा भाऊबंद तापले. नाच्याले पोरगी देता? ती आतून बोलली. बाहेर सगळ्यांनी ऐकलं.

"जो माणूस रातभर घागरा सांभाळते, त्याले बाईचं वजन समजते. तो मले मारणार नाही."

मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. केलं ते दुसरंच केलं.

घागरा तिनं शिवला. बापाच्या मागावर लुगडं बिघडलं, धागा तुटून गाठ आली, तर व्यापारी ते परत फिरवायचा. तसली लुगडी ती पेटीत ठेवायची. सोळा लुगड्यांतून सोळा कळ्या काढल्या. वांगी, तांबडी, हिरवी, हळदी. हर कळीत कुठंतरी एक गाठ. मी घालून पहिल्यांदा गिरकी घेतली तेव्हा ती म्हणाली, "यातलं एकबी लुगडं बाजारात कोणं घेतलं नाही. आता पाहा म्हनाव."

मग गंमत उतरत गेली. सिनेमा आला. तंबूतले खेळ आले. त्यात खऱ्या बाया नाचायच्या. तसं लोकांना आमचं हसू येऊ लागलं. बिडी देणाऱ्या म्हाताऱ्यांची पोरं शिट्ट्या मारू लागली, घागऱ्याला हात घालू लागली. मी तोच, घागरा तोच. पोट भरेना तेव्हा नागपुरात आलो, टालीवर लागलो. मिशी ठेवली. पण 'नाच्या' हे नाव आधीच येऊन बसलं होतं.

पाहुणे आले की मालक बोलवायचा. "चालून दाखव बे. बाईवाणी."

मी खांद्यावरचा ओंडका खाली ठेवायचो. चालून दाखवायचो. पुन्हा ओंडका उचलायचो.

त्याच्या गादीच्या वर त्याच्या आज्याचा फोटो होता. घेरदार जामा, घोट्यापर्यंत. मी खालून पाहायचो. तोही घागराच. मालक स्वतः दिवसभर लुंगीत. कमरेखाली तेही मोकळंच कापड. त्याला कोणी चालून दाखव म्हटलं नाही. कापडाला कोणी हसत नाही, कोणाच्या अंगावर आहे त्याला हसतात. हे मला तेव्हाच समजलं होतं. समजून तोंड बंद ठेवलं.

मग माझा पोरगा शाळेतून रडत आला. वर्गातली पोट्टी म्हणत होती, "तुह्या घरी दोन बाया हायेत. बाप कोठी हाय?" दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मालकाच्या कानावर गेलं.

"हे तुह्या घागऱ्याची पीडा हाय," तो म्हणाला. "आणून दे इकडे. बडग्याले नेसवू, जाळून टाकू. पीडा जाईन, पोट्टा शाळेत जाईन."

मी मानलं. आमच्या भागाची रीतच ती. नको ते बडग्याच्या अंगावर टाकायचं, त्याच्यासोबत ते जळून जातं. लहानपणापासून पाहिलेलं. पारबता नळावर गेली होती. मी तिची पेटी उघडली, घागरा काढला, गोणपाटात गुंडाळला आणि नेऊन दिला. पुतळा माझाच निघेल हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तर पारबता पुढं आली. तिनं बैलाची वेसण धरली. बंडी थांबली.

"घागरा उतरवा. माह्या हातचा हाय. चोरून आणला."

मालक ओट्यावरून म्हणाला, "चोरून? विचार वं तुह्या नवऱ्याले."

ती माझ्याकडं वळली.

"बोला तुमी," ती म्हणाली. "कोणं नेला?"

बैलाच्या शिंगांना पोळ्याचा हिंगूळ ताजा होता. मी ती शिंगं पाहत राहिलो.

"बोला ना जी."

मी बोललो नाही.

तिनं वेसण सोडली. पदर सारखा केला. घराकडं गेली. बंडी पुढं निघाली. वस्तीबाहेर नंदनवनाकडं तेव्हा मोकळी रानं होती, तिथं नेऊन जाळला. मी मागं मागं गेलो. सुती कापड. पटकन जळालं.

पोरगा शाळेत गेला. तिथं त्याला नवीन चिडवणं मिळालं. आता ते त्याला बडग्याचा म्हणत.

पारबतानं त्यानंतर कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. अठरा वर्षं. भाकर द्यायची, बोलायची, हसायचीही. पण सुई तिनं पुन्हा हातात धरली नाही. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं तर शेजारणीकडं नेऊन द्यायची. मी पाहायचो. मला कळायचं. सदरा घालून कामावर जायचो.

गेल्या साली ती गेली. तीन दिवस सरकारी दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी मला जवळ बोलावलं.

"मिशी काढा जी," ती म्हणाली. "मले तुमचा तो पयलेचा चेहरा पाहाचा हाय."

वार्डात लोक होते. समोरच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडंच पाहत होता. मला लाज वाटली.

"उद्या काढतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दहाव्याला न्हाव्यानं मिशी काढली. रीत म्हणून काढली. तिनं मागितली तेव्हा काढली नाही.

तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी एक घडी होती. वांगी रंगाची कळी, अर्धी जळालेली. कडा काळ्या. धुतलेली, हातानं सारखी करून ठेवलेली. म्हणजे जाळल्यावर ती तिथं गेली होती. एकटी. राखेत हात घातला होता. आणि हे घरात, माझ्या उशापासून चार हातांवर, अठरा वर्षं होतं.

मी त्या पेटीपाशी बसलो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

तेरवी झाली आणि मालक घरी आला. आता तोही म्हातारा. काठी आली. लुंगी तीच. मला बसायला सांगितलं, माझ्याच घरात. पहिल्यांदा 'बे' न म्हणता बोलला.

"वाईट झालं गा. पण मन रमवाले पाहिजे. आता जमाना बदलला. मुंबईची माणसं येऊन राहिली. लोककला म्हणतात ते. बाप्या माणूस घागरा घालून कसा नाचते, ते पाहाचं हाय त्यायले. शाल भेटन, पेपरात फोटो येईन. कार्यक्रमाचा अध्यक्ष मीच हाय."

सोबतच्या पिशवीतून त्यानं घागरा काढला. साटिनचा, चमकीचा, बाजारातून आणलेला. तो त्यानं पारबताच्या खाटेवर पसरला.

मी म्हणालो, "मालक, तवाचा घागरा मीच दिला होता तुमाले."

"तेच तर तवा म्हटलं मी. तूच आणून दिला. माहा काय दोष?"

"तुमचा मग काढू. मी माहा सांगून राहिलो. माही बायको विचारत होती तवा हे तोंडातून निघालं नाही. आज निघालं. आता हे खाटेवरचं उचला."

"अरे, लोक टाळ्या वाजवतीन."

"वाजवतीन ना. तुमी म्हणान तवा वाजवतीन. तुमी म्हणान तवा जाळतीन."

तो उचलेना. मी उचलला, त्याच्या हातात दिला. गोणपाटात गुंडाळला नाही. तसाच, चमकत, साऱ्या गल्लीतून त्यानं नेला.

मग मी सुई घेतली. सदऱ्याचं बटणही कधी लावलं नव्हतं. पारबताची खाप्याची लुगडी कापली. पंधरा कळ्या. बोटं टोचली, टाके वाकडे गेले, कमरेला घेर कमी पडला म्हणून दोनदा उसवलं. सोळावी कळी ती अर्धी जळालेली. तिला खाली जोड दिला नाही. जिथं जळाली तिथंच ठेवली.

भिलाईला कामाला असलेला पोरगा आला. घागरा पाहून खाली बसला.

"बाबा, आईची लुगडी फाडली? लोक काय म्हणतीन?"

"लोकाइचं म्हणून झालं," मी म्हणालो. "माहं राहिलं हाय."

परत जाताना तो दोऱ्याचं एक रीळ खाटेवर ठेवून गेला. मागून दिसलं.

हे मी पोळ्याच्या दिवशी लिहून राहिलो. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आहे. मिशी परत वाढली होती. आज सकाळी काढली, माझ्या हातानं, दाराशी बसून, सगळ्यांच्या देखत. आरशात तो चेहरा नव्हता. म्हातारा होता एक. तिला दाखवायचा चेहरा गेला.

उद्या बडगे निघतील. मालकाच्या ओट्यासमोर, जिथं तिनं वेसण धरली होती, तिथं मी उभा राहणार आहे. घागरा घालून. नाचणार नाही. चालून दाखवणार नाही. कोणी विचारलं हा घागरा कोणाचा, तर सांगीन. पारबताचा. पहिला तिनं शिवला होता. तो मालकानं मागितला होता आणि मी जाळायला दिला होता. ती विचारत होती तेव्हा मी बैलाची शिंगं पाहत होतो. बंडीवरच्यांना ऐकू जाईल इतक्या जोरानं सांगीन. हसतील. हसू द्या. मी हसणार नाही.

पुढच्या पोळ्यालाही उभा राहीन. त्याच्या पुढच्याही. पायात जीव आहे तोवर.