शेवटच्या खंगाळणीचं पाणी

आमच्या शेंद्र्याच्या लॅबमध्ये पद्मजा म्हणजे वजनकाटेवाली. पण काटा मोठा नखरेल. त्यावर माल ठेवून चालत नाही, उडवावा लागतो. प्रथिनांचे अवाढव्य रेणू न मोडता हवेत उडवले, तरच यंत्र त्यांचं वजन सांगतं. पद्मजा ते पाण्यात विरघळवून बारीक सुईतून फवारते आणि सुईला हजारो व्होल्टची वीज देते. थेंब उडता उडता सुकतो, विजेचा भार घेतलेला रेणू तेवढा उरतो. हे समजावताना बाई इतकी रंगते, की जेवायची सुट्टी संपून जाते.

दुष्काळाचं वर्ष होतं. हर्सूलला तिच्या घरी नळ आठवड्यातून एकदा यायचा. तांदळाचं धुवण भाजीला, भाजीचं फरशीला. पाणी सांडणाऱ्याशी ती अबोला धरायची, मग तो नवरा का असेना. जित्याची खोड, लॅबच्या दाराबाहेर थोडीच राहणार?

एका दुपारी प्रथिनापासून बनवलेल्या नव्या औषधाच्या बॅचचं वजन चुकलं. यंत्राच्या पडद्यावर आलेखाचं एकच टोकदार शिखर हवं, तिथं बुटक्या शिखरांची रांग लागली. आमचे प्रमुख हिमांशू सर म्हणाले, संध्याकाळी बॅच फेकून द्या. सगळ्यांची महिन्याची मेहनत. मला तर रडूच आलं.

पद्मजा मात्र पडद्याकडे बघत बसली. रेणूला मीठ चिकटलं की वजन असंच पायरीपायरीनं वाढतं. मग तिचा चेहरा उतरला.

"सर, औषधात खोट नाही," ती म्हणाली. "बाटल्या खंगाळलेलं शेवटचं पाणी मी फेकत नाही. स्वच्छ दिसतं, म्हणून पुढच्या बाटल्यांना वापरते. आधीच्या बाटल्यांतलं मीठ माझ्यामुळं यात आलंय."

सरांनी आधी दुसऱ्या रीतीनं पडताळा घ्यायला सांगितलं. नमुना आंबट भुकटीत कालवून पत्र्यावर वाळवायचा आणि लेझरनं उडवायचा. ही रीत थोडंफार मीठ खपवून घेते. वजन जवळपास जुळलं. नेमक्या आकड्यासाठी परत फवारणी हवी होती. पद्मजानं ताज्या पाण्यानं बाटल्या खंगाळल्या, पण ते सिंकमध्ये ओतताना तिचा हात अडला.

"ओता, मॅडम," सर म्हणाले. तिनं डोळे मिटून ओतलं. मग त्या बाटल्यांत नव्यानं नमुना घेऊन फवारला. पडद्यावर एकच शिखर आलं, अगदी हवं तिथं. बॅच वाचली.

दुसऱ्या दिवशी सिंकखाली बादली आली. स्वतःचा कप न उचलणारे हिमांशू सर संध्याकाळी ती भरलेली बादली घेऊन निघाले आणि फाटकाजवळच्या सुकत चाललेल्या लिंबाला ओतून आले. पद्मजा खिडकीतून बघत होती. घरी जाताना ती वाटभर एकटीच हसत होती.