माझ्या लेकीची ओटी

साल २०२३. माझं वय बहात्तर. नातीचं बारसं होतं, पूनम सागर वसाहतीजवळ, जावयाच्या घरी.

बाळंतपणाला सव्वा महिना झालेला. माझी लेक वंदना पाळण्याशेजारी खुर्चीवर, पोर मांडीवर. अंगात रक्त नाही, ओठ पांढरे. पाळणा म्हणून झाला, मग विहीणबाईंनी सवाष्णींच्या ओट्या भरायला घेतल्या. तांदूळ, नारळ, खण. शेजारीण झाली, मावशी झाली, नणंद झाली. वंदनाची पाळी आली. तिनं पदर पुढे केला.

विहीणबाईंचा हात सुपात गेला आणि तसाच मागे आला.

"तुझी नको. जिथं आता काही रुजायचंच नाही, तिथं तांदूळ कशाला वाया घालवायचे?"

दोन बायका हसल्या. बाकीच्या पंख्याकडे बघत बसल्या. वंदनाचा पदर पसरलेलाच. तो मागे घ्यायचंही तिला सुचेना.

मी दाराजवळ होतो. चपलांच्या शेजारी. मुलीचा बाप म्हणून त्या घरात मी कायम तिथंच उभा राहत आलो.

"सही यांनीच केली ना," विहीणबाई माझ्याकडे बोट करून पाहुण्यांना म्हणाल्या. "मिठागरावरचा माणूस. काय काढतायत ते तरी कळलं असेल का?"

कळलं होतं. सगळं कळलं होतं.

भाईंदरच्या मिठागरांवर माझा जन्म गेला. शाळा तिसरी. पण ऑपरेशनच्या खोलीच्या दारात त्या दुपारी जे झालं, ते मी मेलो तरी विसरणार नाही. पोर झाली, आतून रडणं ऐकू आलं, आम्ही हसलो. मग दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. झग्यावर रक्त. म्हणाल्या, वार पिशवीला घट्ट चिकटलीय, सुटत नाही, रक्त थांबत नाही. गर्भपिशवी काढली नाही तर बाई जाईल.

जावई म्हणाला, "एक मिनिट हं, मम्मीला विचारतो."

शिकलेला पोरगा. एसीत बसून काम करतो. फोनमधला आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. "मुलगीच झालीय ना? मग पिशवीला हात लावू देऊ नकोस. दुसऱ्या डॉक्टरला विचार." हा म्हणतोय, "हो मम्मी." नर्स रक्ताच्या पिशव्या घेऊन आत धावली. हा अजून "हो मम्मी."

मी म्हटलं, "बाई, काढा. बाप हाय मी तिचा."

"परत मूल होणार नाही, बाबा. समजतंय ना?"

"समजतंय. माझी लेक द्या."

आणि सही केली. अंगठा नाही. सही.

लेक मिळाली. त्याच लेकीला आता भर हॉलात पडीक जमीन ठरवत होते. मी जावयाकडे बघितलं. तो पेढे वाटत होता.

चपलांजवळून हललो. पाहुण्यांच्या मधून सरळ आत गेलो.

"वंदे, ऊठ. पोर घे."

"बाबा, नको ना. सगळे बघतायत."

"बघू दे."

विहीणबाई म्हणाल्या, "आज गेलीस तर परत या दारात यायचं नाही."

वंदनानं नवऱ्याकडे बघितलं. तो आईकडे बघत होता. ती उठली.

रिक्षात ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सही करायला नको होती."

"मग मेली असतीस तू."

"तेच म्हणतेय."

पोर तिच्या छातीला लागलेली आणि ती बाहेर बघत हे बोलली. मिठानं पाय फाटले तेव्हा मी रडलो नव्हतो. बायको गेली तेव्हाही चारचौघांत नाही. रिक्षात रडलो. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, पानी दूँ?"

मुलीच्या बापानं वाकायचं, हे कुणी ठरवलं? बहात्तर वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पेणकरपाड्यात नळाला पाणी आलं. गल्लीतल्या बायका नळावर. मी अंघोळ केली, दारात पाट मांडला, वंदनाला बसवलं. सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. बायकोच्या ट्रंकेतला खण.

शेजारची लता ओरडली, "काका, पुरुषमाणूस कधी ओटी भरतो काय?"

"आजपासून भरतो."

"मग साडी पण नेसा!"

"नेसतो. तुझी दे."

नळावर हशा झाला. वंदना हसली नाही. पदरही पुढे करेना. मी ओंजळ धरून उभा. बोटांमधून तांदूळ सांडत होते.

"माझ्यात काही उरलं नाय, बाबा."

"तू हायस ना."

तिनं पदर पसरला. मी ओटी भरली. मग नळाकडे वळलो. मी मोठ्यानं सांगितलं, "हिची ओटी दर सणाला भरणार. जिवंत हाय तोवर मीच भरणार. ज्याला चालत नसेल त्यानं माझ्या दारात येऊ नये."

तेवढ्यात जावयाचा फोन आला. "मम्मी म्हणतेय, तुम्ही सगळ्यांसमोर माफी मागा, मग वंदनाला घेऊ."

"माफी तुझ्या मम्मीनं मागायची," मी म्हटलं. "इथं येऊन. वंदनाची ओटी भरून. तोवर तिनं आणि तू, दोघांनी माझ्या दारात चपलांजवळ उभं राहायचं. जा, मम्मीला विचार."

आणि फोन मी ठेवला.