मोठीची खुर्ची

मोठीला काउंटरवर बसवलं, तेव्हा कुणी तिला साधं विचारलंसुद्धा नाही. सोमवारी ती नेहमीसारखी पार्लरमध्ये आली, तर आरशासमोर तिच्या खुर्चीपाशी एक नवीनच उंच मुलगी एप्रन बांधून उभी. आणि धाकटी जाऊ अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, आजपासून तुम्ही फक्त फोन घ्यायचे. खूप केलंत आता."

खूप केलंत म्हणे. हे पार्लर उभं केलं कुणी? मोठीनं. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा अन् एक खुर्ची टाकून. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला कात्री धरता येत नव्हती. शिकताना तिनं पहिल्यांदा ज्याचे केस कापले त्याचा कान जाता जाता राहिला, आणि तो माणूस म्हणजे मोठीचा नवरा. धाकटी कात्री घेऊन जवळून गेली की तो बिचारा अजून कानावर हात ठेवतो. तिलाच मोठीनं हाताला धरून शिकवलं, आणि आता ती मोठीला आराम कसा करायचा ते शिकवणार.

हात बिघडले होते, हे खरं. संधिवात. सकाळी बोटं इतकी आखडलेली असायची की नळसुद्धा मनगटानं ढकलून उघडायचा. अंगठ्याचं मूळ सुजून लालभडक. औषधं चालू होती, त्यानं फरकही पडत होता. पण डॉक्टरांनी कामाचं विचारलं, हिनं केस कापते म्हणून सांगितलं, तर ते कागदावरून मान वर न काढता म्हणाले, मग बंद करा. जसं काही पंखा बंद करायचाय.

आणि घरचे? घरचे इतके प्रेमळ झाले की मोठीला रडू यायचं, पण रागानं. पोरगी हातातला कप काढून घ्यायची. नवरा डब्याचं झाकण उघडून द्यायचा आणि वर असा बघायचा की जसं काही किल्ला जिंकून आला. कुणी म्हणून तिला एक काम पुरं करू देत नव्हतं. एकदा ती त्याला म्हणाली, "अहो, माझे हात दुखतायत, मी मेले नाहीये." तर तो आठवडाभर आणखीच हळू आवाजात बोलायला लागला.

काउंटरवर तर कहरच. ओळखीच्या बायका यायच्या, मान वाकडी करून विचारायच्या, मावशी, हात कसाय, लहान बाळाला विचारतात ना तस्सं, आणि उत्तराची वाट न बघता नव्या मुलीच्या खुर्चीत जाऊन बसायच्या. मोठीला तिथून आरशात सगळं दिसायचं. मुलगी पुढची बट ओली असतानाच कापतेय, वाळल्यावर ती कपाळाच्या मध्यावर जाणार, हे दिसायचं. पण तोंडातून शब्द काढायचा नाही. का तर आराम.

अशात हॉस्पिटलमधल्या नर्सनं तिला एका खोलीत पाठवलं. तिथं ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसायची, विशीतून नुकती बाहेर पडलेली मुलगी. सोबत आलेल्या नवऱ्याला वाटलं, मालिश करणारी असेल. ती हसली. म्हणाली, ती व्यायामवाली नाही आणि मालिशवाली तर नाहीच, दुखणं असूनही माणसाचं काम चालू राहावं ह्यासाठी ती आहे. मग मोठीकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही काम कसं करता ते मला बघायचंय. तुमच्या पार्लरमध्ये येऊ?"

इतक्या महिन्यांत इतक्या लोकांनी इतके सल्ले दिले, पण काम कसं करता हे विचारणारी ही पहिली. मोठीनं तिथल्या तिथं शुक्रवारची वेळ दिली.

शुक्रवारी दुपारी ती मुलगी आली. धाकटीनं दारातच सांगितलं की ताई हल्ली कापत नाहीत. थेरपिस्ट म्हणाली, हरकत नाही, आज माझे कापतील. आणि सरळ जाऊन मोठीच्या खुर्चीत बसली.

मोठीनं कात्री घेतली. केसांकडे त्या मुलीचं लक्षच नव्हतं, ती आरशात मोठीची कोपरं बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, हात इतके वर का? खुर्ची खाली घ्या ना."

"ती खाली होत नाही."

"कधीपासून?"

मोठीनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं जमिनीकडे. खुर्ची खाली-वर करणारा पंप बिघडला होता तो आज नाही, वर्षानुवर्षं. बाकीच्या खुर्च्या दुरुस्त झाल्या, भिंतींना रंग लागला, आरशाभोवती दिवे आले. ही खुर्ची तशीच, कारण काय, तर मोठीची आहे, तिला सवय आहे. मोठी बुटकी. दिवसभर कोपरं खांद्याइतकी वर उचलून ती कापत राहिली, वर तो जड ड्रायर उचलून धरत राहिली. हात दुखतात म्हटल्यावर सगळ्यांना तिला उठवायचं सुचलं. माणूस बदललं, खुर्ची नाही बदलली. तळपायाची आग मस्तकात जाईल नाही तर काय?

पण मोठीनंही एक वेडेपणा केला होता. अंगठ्याला आधार द्यायचा पट्टा हॉस्पिटलनं कधीच दिला होता. तो कुठाय म्हणून थेरपिस्टनं विचारल्यावर तिनं एप्रनच्या खिशातून काढला. घरी टीव्ही बघताना ती तो इमानेइतबारे घालायची, आणि पार्लरच्या पायरीवर काढून खिशात टाकायची. तिचं म्हणणं, ह्या धंद्यात गिऱ्हाईक आधी हात बघतं, पट्टा दिसला की बाई दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसणार.

"म्हणजे पावसात छत्री मिटायची आणि घरात उघडून बसायचं," ती मुलगी म्हणाली, आणि मोठीला किती दिवसांनी हसू आलं.

मग थेरपिस्ट धडाधड सांगत सुटली. खुर्ची दुरुस्त करायची. मोठीनं चाकांच्या स्टुलावर बसून कापायचं. अंगठ्याची कडी फिरते अशी हलकी कात्री घ्यायची. सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हा फोन घ्यायचे, कापायचं उशिरा सुरू करायचं, मध्ये मध्ये थांबायचं. ड्रायर मोठीनं धरायचाच नाही, तो दुसऱ्या कुणी. आणि हात फारच भडकले असतील त्या दिवशी कात्रीला शिवायचं नाही, पण ते मोठी ठरवणार.

धाकटी तडकली. लोक म्हणतील, आजारी बाईला राबवून घेतात. सगळं तिच्याच नावावर येणार.

मोठीनं कात्री टेबलावर ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही. "मला आराम दिलास की माझी जागा काढून घेतलीस, हे एकदा तूच सांग."

धाकटीचे डोळेच भरून आले. "तुमच्या हातातून कात्री पडली होती, ताई. त्या म्हाताऱ्या बाईंच्या मानेशी. तुम्ही खोकल्याचं नाटक केलंत, पण मी बघितलं. रात्रभर झोपले नाही मी."

ते खरं होतं. मोठीला वाटलं होतं, कुणाला दिसलं नाही.

"मग तेव्हाच म्हणायचंस. भांडायचंस माझ्याशी. गुपचूप दुसरी आणून उभी केलीस."

"तुमच्याशी भांडायची हिंमत आहे का कुणाची ह्या घरात?"

थेरपिस्ट अर्धवट कापलेल्या केसांनी खुर्चीतच होती. मग हळूच म्हणाली, उरलेले कापता का, मला परत हॉस्पिटलला जायचंय. मोठीनं अंगठ्याला पट्टा चढवला आणि बाकीचे कापले. नेहमीपेक्षा सावकाश, पण सरळ रेषेत.

खुर्चीवाला पुढच्या आठवड्यात आला. नवी मुलगी पलीकडच्या खुर्चीवर गेली. ती काही वाईट नव्हती हो, तिला तरी कुणी काय सांगितलं होतं. आणि मोठी स्टुलावर बसून परत आरशासमोर आली. पहिलीच बाई आली तिची नजर पट्ट्यावर गेली, तोंड उघडणार तेवढ्यात मोठी म्हणाली, अंगठ्याला आधार आहे, मान सरळ ठेवा. बाईनं मान सरळ ठेवली.

कापून झालं. मोठीनं मागे न बघता हाक मारली, "धाकटे, ड्रायर."

धाकटी फोन ठेवून आली. ओठ आवळलेले, दोघींचं अजून धड बोलणं सुरू झालं नव्हतं. तिनं ड्रायर धरला, मोठीनं ब्रशनं बट ओढली. "जवळ नको, भाजेल," मोठी म्हणाली. "माहितीये मला," धाकटी म्हणाली, आणि ड्रायर वीतभर मागे घेतला.