भुताच्या सिनेमात आमचा काका

आमच्या काकूसमोर मरणाचं नाव काढायची सोय नाही. तिच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. दारातून कोणी "जातो" म्हणालं तर त्याला परत आत बोलावून, पाणी पाजून, "येतो" म्हणायला लावते आणि मगच सोडते. गॅसच्या सिलिंडरवाल्यालाही तिने हे शिकवलंय. तो बिचारा "आता हूँ अम्मा" म्हणतो आणि मग महिनाभर उगवत नाही.

अशा बाईच्या नवऱ्याने भुताच्या सिनेमात मरायचं आणि तेही तिला न सांगता, म्हणजे काय धाडस, ते तुम्हीच बघा.

काका रेल्वेतून रिटायर झालेला. नाटकाचं वेड मात्र नोकरीच्याही आधीचं. उज्जैनच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दर वर्षी नाटक बसतं, त्यात काका दर वर्षी असतो आणि दर वर्षी नोकर किंवा पोस्टमन असतो. एकदाच त्याला मोठी भूमिका मिळाली होती, घरातल्या कर्त्या पुरुषाची. पण तो कर्ता पुरुष दुसऱ्या अंकात वारायचा होता आणि तिसऱ्या अंकात भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लागायचा होता. काकू तालमीला चहाचा थर्मास घेऊन आली. तिने फोटो पाहिला, खुर्चीवर चढली, हार काढून बाजूला ठेवला आणि फोटो पिशवीत घालून घरी घेऊन गेली. कोणाची काही बोलायची छाती झाली नाही. काका त्या वर्षीही पोस्टमन झाला.

मग गेल्या वर्षी भैरवगढच्या पलीकडच्या एका जुन्या कोठीत मुंबईची सिनेमावाली मंडळी आली. त्यांना म्हातारा चौकीदार हवा होता. काकाने मिशा वाढवल्या, खांद्यावर घोंगडी टाकली आणि काम मिळवलं. डायलॉग एकच. साहेब बायको-मुलीला घेऊन कोठीत राहायला येतात, तेव्हा कंदील वर धरून म्हणायचं, "साहब, उस कमरे में मत जाइए." त्यानंतर भूत चौकीदाराला मारतं.

हे शेवटचं वाक्य काकूपर्यंत पोचलं नाही. घरी परवानगी मागताना काकाने "चौकीदाराचं काम आहे, गेटवर उभं राहायचं" एवढंच सांगितलं. खरी गोष्ट फक्त मला माहीत होती, कारण शूटिंगला मीच त्याला स्कूटीवरून सोडत होते.

"डायरेक्टर खूश आहे माझ्यावर," तो मला म्हणाला. "पुढच्या पिक्चरमध्येपण घेऊ म्हणून राहिला. पण तुझ्या काकूने मला मेलेला बघितला ना, तर समज, खेळ खल्लास. पुन्हा कधी उंबरा ओलांडू देणार नाही ती."

"अरे, पण ती बघणारच ना सिनेमा."

"ती आणि भुताचा सिनेमा? काहीही काय बोलतेस!"

नवरे लोकांना बायकांबद्दल इतक्या वर्षांत काहीही कळत नाही, हे माझं जुनं मत आहे. सिनेमा लागला आणि काकूने पहिल्याच शनिवारचा दुपारचा शो धरला. लग्नात नेसायची साडी नेसली. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत घरोघरी सांगून झालं होतं की आमचे हे पडद्यावर आहेत. थिएटरच्या दारात काकाने मला बाजूला ओढलं.

"माझं मरण आलं की तिला बाहेर ने. समोसा खाऊ घाल."

"मरण आलं हे मला कसं कळणार?"

"वीज कडाडेल."

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या मिनिटाला वीज कडाडली. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा. त्या कोठीवर बारा महिने वीज कडाडत असावी. दोघांच्या मधे बसून मी काकूकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. काकाने मान हलवून "ही नव्हे" असं सांगितलं. पुढचा अर्धा तास आमचं हेच चाललं होतं.

सिनेमात बोलणारी माणसं मला मुळीच सहन होत नाहीत. मी याआधी दोघा-तिघांशी त्यावरून भांडलेही आहे. पण त्या दिवशी कोणाकोणाशी भांडणार? अख्खं थिएटर बोलत होतं. आमच्या मागे कॉलेजची पोरं होती. पुढच्या रांगेत देवदर्शनाला आलेलं एक मोठं कुटुंब होतं, कपाळावर आडवं गंध, गाडीला वेळ होता म्हणून एसीत येऊन बसलेलं. त्यांच्यातली आजी भूत दिसलं की दोन्ही हात वर करून "जय महाकाल!" म्हणायची आणि सगळं थिएटर तिच्या मागून म्हणायचं. ज्या गावाची सकाळ भस्माने सुरू होते, तिथे पांढरी पावडर फासलेल्या भुताला कोण विचारतो? ते बिचारं दात विचकून पुढे यायचं आणि त्याचा जयजयकार व्हायचा.

बरं, सिनेमाही असा की पुढे काय होणार ते आंधळ्यालाही दिसावं. दार आपोआप उघडलं. मागचा पोरगा म्हणाला, "बिल्ली है." मांजर निघालं. टाळ्या. नायिका आरशासमोर वाकून तोंड धुऊ लागली. "उठेगी तो पीछे खड़ी होगी." उठली, मागे भूत उभं होतं. जय महाकाल. मुलीला माळ्यावर जुनी बाहुली सापडली. पुढची आजी कळवळून म्हणाली, "मत ले बेटा, रख दे." पोरीने घेतली. "नहीं सुनते आजकल के बच्चे," असं म्हणून आजीने पिशवीतून लाडू काढला.

आणि मग काका आला. पडद्यावरचा काका खरंच झकास दिसत होता. काकूने जोरजोरात टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या रांगेला खांद्यावर थोपटून सांगितलं, "हमारे मिस्टर हैं." आजीने मागे वळून पडद्यावरच्या आणि खुर्चीतल्या अशा दोन्ही काकांना नमस्कार केला. पडद्यावर काकाने कंदील वर धरला, खाकरला, तोंड उघडलं आणि तेवढ्यात सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, "साहब, उस कमरे में मत जाइए!"

काकाचा आवाज त्यात बुडून गेला. माझ्या शेजारी खरा काका नुसता ओठ हलवत बसला होता.

"डायलॉग खाल्ला माझा," तो पुटपुटला. मला इतकं वाईट वाटलं की त्या पोरांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली. किती दिवस तो त्या एका वाक्याची तालीम करत होता, दाढी करताना, भाजी निवडताना, देवाला फूल वाहतानासुद्धा.

पण खरी पंचाईत पुढे होती. काका कंदील घेऊन एकटाच विहिरीकडे निघाला आणि मागचं पोरगं म्हणालं, "लो भिया, चौकीदार तो गया."

काकू गर्रकन वळली. "कौन गया? कहाँ गया?"

"ऊपर, आंटी."

"तुम्हारी ज़बान को कुछ हड्डी है कि नहीं? कहीं नहीं गए वो. ये इधर बैठे हैं!"

पोरगं वाकून काकाकडे बघायला लागलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा काकाकडे. "अरे! चौकीदार तो अपने साथ बैठा है!" सगळी रांग उठून उभी राहिली. एकाने अंधारात सेल्फी काढला. "सॉरी अंकल," तो फार अदबीने म्हणाला, "पर आप मरोगे. लालटेन लेके अकेला जाने वाला बचता नहीं है."

मी काकूचा हात धरला. "काकू, चल ना, समोसा खाऊ."

"आत्ता? पागल झालीस का? यांचा सीन चालू आहे."

"मला कसंतरी होऊन राहिलंय."

"मग तू जाऊन ये. मी काय धरून ठेवलंय तुला?"

वीज कडाडली. या वेळी काकाने मला जोरात चिमटा काढला, म्हणजे हीच ती. मी काकूचा दंड ओढला. ती हलली नाही. खुर्चीचा दांडा घट्ट धरून ती काकाकडे वळली आणि मी तिच्या तोंडून आयुष्यात कधी न ऐकलेला शब्द तिने उच्चारला.

"अहो, तुम्ही मरता का यात?"

तिकीट नसलेल्या पॅसेंजरसारखा काका समोर बघत राहिला. पडद्यावर कंदील विझला, किंकाळी आली आणि थिएटर म्हणालं, "गया!"

पुढचं दृश्य सकाळचं होतं. कोठीच्या अंगणात खाट आणि खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला काका. त्याच्या अंगावर पांढरं कापड नव्हतं. लाल फुलांची, भैरवगढच्या छापाची चादर होती.

"ही माझी चादर आहे," काकू म्हणाली.

तिचीच होती. काकाने शूटिंगला दुपारी आडवं व्हायला ती नेली होती आणि डायरेक्टरला रंग आवडला होता. रोज रात्री ज्या चादरीत काकू झोपते, ती तिच्या नवऱ्याच्या तोंडावरून ओढलेली होती आणि बाजूला नायिका रडत होती. काकू उभी राहिली. आता ती ओरडणार, काकाला कॉलर धरून बाहेर नेणार आणि त्याच्या नटपणाचा आज शेवट होणार, असं मला वाटलं. मागची पोरंही आपापल्या जागी बसली. त्या सिनेमात पहिल्यांदाच कोणीतरी खरोखर घाबरलं होतं आणि ते सगळ्यांना कळलं होतं.

कॅमेरा हळूहळू खाटेकडे जाऊ लागला. काकू डोळे फाडून पाहत होती. चादरीवरची मधली दोन फुलं वर गेली, मग खाली आली. पुन्हा वर गेली.

"पोट हललं," काकू म्हणाली. मग सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात, "पेट हिल रहा है! ज़िंदा हैं वो!"

"आंटी सही बोल रही हैं!" पोरगं खुर्चीवर चढलं. "साँस चल रही है! देखो, देखो, फूल देखो!"

"जय महाकाल!" पुढच्या आजीने आरोळी ठोकली आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, काय विचारू नका. काकू मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. त्यानंतर भुताकडे कोणी पाहिलंच नाही. चौकीदाराच्या आठवणीने नायिका रडायला लागली की सगळे तिची समजूत घालायचे, "रो मत बहन, वो ठीक है."

बाहेर आल्यावर पोरांनी काकाला गराडा घातला. आजीने त्याच्या हातावर प्रसादाचा लाडू ठेवला आणि "सौ साल जियो" असा आशीर्वाद दिला, म्हातारी त्याच्यापेक्षा फार मोठी नसतानाही. काकाचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं होतं. रिक्षाची वाट बघत आम्ही तिघं उभे राहिलो. काकू बोलत नव्हती. ती बोलत नसली की आमच्या घरात भांडीसुद्धा आवाज करत नाहीत.

शेवटी काकाच म्हणाला, "मी श्वास रोखला होता गं. पण तो कॅमेरा येतोय, येतोय, किती वेळ रोखणार माणूस? सगळं काम बिघडलं माझं."

"बिघडलं?" काकू म्हणाली. "त्या एका मिनिटात माझं काय झालं, ते तुम्हाला सात जन्म नाही कळणार. हात-पाय थंडगार पडले माझे. तुम्ही एक खुर्ची सोडून बसलात हे कळून राहिलं होतं, तरी मला तिथलेच तुम्ही खरे वाटून राहिले होते."

काकाने मान खाली घातली. मलाही रडू आलं. इतका वेळ आम्ही दोघं समोशाच्या आणि विजेच्या खाणाखुणा करत होतो, त्याची मला लाज वाटली.

रिक्षा आली. काकू चढली, साडी आवरली आणि आतून म्हणाली, "पुढच्या वेळी मरायचं असेल तर खुशाल मरा. मी नाही म्हणणार नाही. पण पोट हलू द्यायचं. मला दिसलं पाहिजे." घरी गेल्यावर तिने मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली आणि चादर धुवायला टाकली.

हिवाळ्यात सिनेमावाल्यांचा खरंच फोन आला. मी तिथेच होते. काका-काकू गच्चीत उन्हात मटार सोलत बसले होते. या वेळी भूमिका मोठी होती, निम्मा सिनेमा. फक्त सुरुवातीला प्रेत होऊन दिवाणखान्यात पडायचं होतं, बाकी सगळं आठवणींमध्ये. काका हरखून ऐकत होता. मग त्याने घसा साफ केला.

"मुर्दा बनूँगा जी. लेकिन साँस लूँगा."

तिकडून बराच वेळ समजावणी चालली असावी. काकू मान वर न करता शेंगा सोलत होती.

"नहीं जी. साँस तो लूँगा. घर से इजाज़त नहीं है."

फोन ठेवला गेला. दुसरा माणूस घेऊ म्हणाले ते. मी इतकी भडकले की काही विचारू नका. "काका, मूर्ख आहेस का? जन्मात एकदा मोठी भूमिका मिळून राहिली होती! घटकाभर श्वास धरायला काय झालं होतं? काकूला नंतर समजावलं असतं आपण!"

काकाने एक शेंग उचलली, दाणे काढून काकूच्या ताटात टाकले.

"घेऊ दे दुसऱ्याला," तो म्हणाला. "त्याच्या घरी बघणारं कोणी नसेल."