कोर्टातल्या दोन व्हीलचेअर

"तुमच्या आईला उठून उभं राहता येतं का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. माझा मुलगा म्हणाला, "नाही." सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी व्हीलचेअरमध्ये बसून राहिले. त्या सकाळी मी तळ्याला फेरी मारून आले होते.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. पण नातीला इथे अमेरिकेत वाढवलंय, एवढं इंग्रजी मला कळतं.

माझ्या शेजारीच दुसरी व्हीलचेअर होती. मागच्या भिंतीशी अशा खुर्च्यांसाठी जागा ठेवलेली असते, तिथे कोर्टाच्या शिपायाने मला नेऊन लावलं होतं. त्या खुर्चीत एक काळा माणूस होता, तिशीचा असेल. एका पोलिसाने त्याच्या भावाला गाडीतच गोळ्या घातल्या होत्या. त्यातली एक ह्याच्या पाठीत बसली. पोलीस गोरा. त्याच्यावर खटला होता आणि त्यासाठी ज्युरी निवडणं चाललं होतं. ज्युरी म्हणजे गावातलीच साधी बारा माणसं. गुन्हा झाला की नाही हे तीच ठरवतात. माझ्या मुलाला त्यासाठी बोलावणं आलं होतं आणि त्याला त्यातून सुटायचं होतं.

पहिल्या दिवशी तो एकटाच गेला होता. परत आला तो वैतागून. संध्याकाळी त्याचे दोघं मित्र चहाला आले, त्यांना सांगत होता. एका काळ्या बाईचा भाचा तुरुंगात होता, तिला पोलिसाच्या वकिलाने काढलं. एक काळा माणूस म्हणाला, मलाही पोलिसांनी उगाच थांबवलं होतं, त्यालाही काढलं.

"आता गोरे सोडून आम्ही थोडेच उरलोय," मुलगा म्हणाला. "मला नक्की घेणार. आणि ह्याच महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

"सांगून टाक, मला पोलीस फार आवडतात. सरकारी वकील लगेच काढतो," एक मित्र म्हणाला.

"आणि ते बाहेर गेलं तर? ऑफिसात काळे लोक आहेत यार."

"मग सांग, आवडत नाहीत."

"तेही नको. गोरे जास्त आहेत."

"सिटिझन होऊन इतकी वर्षं झाली, अजून घाबरतोस?"

"तू नाही घाबरत?"

"मी कोर्टाचं पाकीट उघडतच नाही."

ते हसले. मग त्यातला एक माझ्याकडे वळला. "काकू, गुडघे कसे आहेत?"

"तुझ्यापेक्षा बरे."

"उद्या जरा वाईट करा की. एअरपोर्टवर करता तसे. घरी आईला बघायला दुसरं कुणी नाही म्हटलं की सोडतात."

आमच्या लोकांत हे सगळे करतात. आईवडील भारतातून यायचे असले की मुलं तिकिटावर व्हीलचेअर लिहून घेतात. पाय धड असतात. पण भाषा येत नाही, गेट सापडत नाही, आणि खुर्चीतल्या माणसाला लांब रांगेत थांबावं लागत नाही. मीही तशीच आले आणि तशीच जाते. त्यात कुणाचं काही जात नाही, असं आम्ही धरून चालतो. त्या संध्याकाळी मीही हसले. मुलाने मंदिरातली खुर्ची मागून आणली आणि दुसऱ्या दिवशी मला त्यात बसवून नेलं.

न्यायाधीशबाईंना माझा फक्त चेहरा दिसत होता. शेजारच्याला पाय दिसत होते. मी चालायचे बूट तसेच घालून आले होते आणि त्यांना तळ्याकाठचं गवत चिकटलेलं होतं. त्याने बूट पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "नाइस शूज, मॅम." हसला नाही. मी पाय खुर्चीखाली ओढले. हलले ते. तेही त्याने पाहिलं.

न्यायाधीशबाई चांगल्या होत्या. आईची काळजी घ्या म्हणाल्या आणि मुलाला मोकळं केलं. तो घाईने मागे आला आणि खुर्ची ढकलायला लागला. खुर्ची जागची हलेना. त्याने जोर लावला, मी पुढे झुकले. कोर्टात कुणीतरी खाकरलं. तेव्हा शेजारचा माणूस वाकला, त्याने माझ्या चाकाजवळचा दांडा वर केला आणि मुलाला म्हणाला, "ब्रेक लागलाय." मग आपली खुर्ची मागे घेऊन त्याने आम्हाला वाट करून दिली. मुलगा त्याला थँक यू म्हणाला.

पार्किंगमध्ये मी उठले आणि गाडीत बसले. मुलाने खुर्ची घडी करून डिकीत टाकली.

निकाल लागला तेव्हा आम्ही जेवत होतो. नातीने फोनवर वाचून दाखवलं, "नॉट गिल्टी. ज्युरी वॉज ऑल व्हाइट, आजी."

"आपल्यातलं कुणीच नव्हतं?" मी विचारलं.

मुलगा म्हणाला, "भाजी घे." नात उठून गेल्यावर म्हणाला, "मी असतो तरी काय झालं असतं?"

"काही नाही. सगळ्यांनी मान हलवली की तूही हलवली असतीस. मी तुला तसाच वाढवलाय."

तो चिडला. निकाल पुराव्यावर लागतो, तोंडं बघून नाही, म्हणाला. असेल. मग त्या पोलिसाच्या वकिलाने तोंडं बघून माणसं का काढली, हे मी त्याला विचारलं नाही. एक जागा आमच्या वाट्याला येत होती आणि आम्ही खोटं बोलून ती सोडली. ती काळी माणसं खरं बोलली म्हणून घरी गेली.

पोलीस आता सुटला आहे. मुलाचं रिलीज वेळेवर झालं. मी रोज तळ्यावर जाते. त्या गाडीत दोघे भाऊ होते. थोरला जागीच गेला. धाकटा जगला, त्याची खुर्ची खरी आहे.