उलट्या काट्यांचं घड्याळ

आमच्या चौकातल्या सलूनवाल्याला सगळे 'गुळगुळीत' म्हणतात. दाढी झाली की गिऱ्हाइकाच्या गालावर अंगठा फिरवून तो स्वतःच निकाल देतो, "गुळगुळीत!" बोलतो फार, ऐकतो कमी. त्याच्याशी भांडण झालं नाही तर माझा आठवडा सुना जातो.

त्याच्या मुलीला मी शिष्यवृत्ती परीक्षेला बसवलं. वस्तीतली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा लांब, वसतिगृहात राहून शिकायची. शिष्यवृत्ती मिळाली तर पोरगी शिकणार, नाहीतर दुकानातले केस झाडत बसणार. मुख्याध्यापक म्हणाले, "आम्ही निवडक मुलंच पाठवतो." मी म्हटलं, "निवडलं कुणी? तुम्हीच ना? मग परत निवडा!" टेबलावर असा हात आपटला की त्यांचा चहा सांडला. पोरीचं नाव यादीत गेलं.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी तिथंच आमचा अभ्यास. पोरगी फिरत्या खुर्चीत, मी बाकड्यावर, बाप कात्र्यांना तेल लावत. मी स्वतः शाळेत फार टिकले नाही, पण जुन्या प्रश्नपत्रिका वाचून वाचून त्यांची खोड ओळखते. पोरगी गणितात तेज, भाषेत तेज. आकृती आरशात कशी दिसेल, ते प्रश्न तर डोळे मिटून सोडवायची. आरशातल्या घड्याळाचा प्रश्न आला की मात्र दाणकन आपटायची.

"आरशात सव्वातीन दिसतात. खरे किती वाजले?"

"सव्वातीन."

"पावणेनऊ गं बाई!"

"कसे काय? आरशात दिसतात तेच खरे वाजलेले असतात."

परीक्षा तोंडावर आलेली. माझं डोकं फिरलं. "अगं, तुझी अक्कल काय केसांबरोबर झाडून टाकलीस?"

ती रडली नाही. बापासारखीच हेकट. हनुवटीनं आरशाकडे खूण केली, "बघा की! किती वाजलेत?"

मी आरशात पाहिलं. साडेदहा. मान वळवून मागच्या भिंतीवर पाहिलं, आणि हसू की रडू कळेना. घड्याळावरचे आकडे उलटे, काटे उलटे फिरणारे! खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला आरशात वेळ सरळ दिसावी म्हणून गुळगुळीतनं मुद्दाम आणलेलं. पोरगी जन्मल्यापासून त्याच आरशात वेळ वाचत आलेली.

बापाचा चेहरा पांढराफटक. "माझ्यामुळेच पोरीचं वाटोळं!" स्टुलावर चढला आणि घड्याळ उतरवायला लागला.

"बाबा, खाली उतर आधी! पडशील!" पोरगी ओरडली.

मी धावत घरी गेले, माझं गजराचं घड्याळ आणलं आणि आरशासमोर धरलं. ती कधी घड्याळाकडे, कधी आरशाकडे बघत राहिली. मग खुर्चीतून उडीच मारली.

"ताई, तुमचं घड्याळ उलटं आहे!"

"माझं? जगातलं प्रत्येक घड्याळ असंच असतं, शहाणे!"

"म्हणजे परीक्षेतली घड्याळं बाहेरच्या लोकांची!" ती टाळ्या पिटायला लागली. "आपल्या दुकानातली नाहीत! मग काटे फिरवा, मी सांगते."

मी काटे फिरवत गेले, ती आरशात बघून खरी वेळ ओरडत गेली. शेवटी माझाच गोंधळ व्हायला लागला. बाप स्टुलावर तसाच उभा, "बरोबर आहे का, ताई? आता बरोबर आहे का?" असं दर वेळी विचारत.

परीक्षेच्या दिवशी तो केंद्राच्या फाटकाशी उभा होता. दुकान बंद. पोरगी बाहेर आली तशी मी विचारलं, "घड्याळं?"

"दोन होती. दोन्ही बाहेरच्यांची!"

मग निकालाची वाट. त्या दिवसांत गुळगुळीतनं कुणाच्या मिशीचा एक कोपरा उडवला, कुणाला मागितलं त्याहून बारीक केलं. लोक मलाच जाब विचारायला लागले.

शाळेतून फोन आला तेव्हा मी बाकड्यावरच होते. कानाशी फोन धरून गुळगुळीत नुसता "हो... हो... हो" म्हणत राहिला. मग फोन माझ्याकडे फेकला, पोरीला उचललं आणि वस्तरा, टॉवेल सगळं टाकून रस्त्यात पळाला. "लागली! माझ्या पोरीला शिष्यवृत्ती लागली!"

खुर्चीत पेट्रोल पंपावरचा मामा, एक गाल साफ, दुसरा फेसात.

"अहो, माझी दाढी?"

"मामा, आज अर्धीच मिळेल," मी म्हटलं. "उठा, पेढे आणायला चला!"

मामा तसाच फेसासकट उठला आणि माझ्याही पुढं पळत सुटला.